गजाचा टाका

कुठं काही सुटलं, गळलं किंवा निखळलं की त्या मंडळीत एकच शब्द निघायचा, गजाचा टाका. मोरीचा नळ ठिबकायला लागला, गजाचा टाका. सखाच्या बैलाची वेसण तुटली, गजाचा टाका. मकसूदच्या मेव्हणीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं तेव्हासुद्धा कुणीतरी हाच शब्द काढला आणि सगळे पोट धरून हसले. गजानन बडेकरही हसला. आपण हसलो नाही तर हे आणखी हसतील, एवढं त्याला कळत होतं. आतून मात्र तो जळत होता, आणि असं जळायला लागून आता दोन पावसाळे उलटले होते.

गजा खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. हाताचा इतका नेटका की त्यानं बसवलेला स्क्रू दुसऱ्यानं कधी पुन्हा आवळला नाही. अशा माणसाचं नाव कच्च्या कामाला पडावं, यापरतं वाईट काय असतं? शिवी दिली असती तर त्यानं उलटून शिवी दिली असती. पण मित्रांच्या थट्टेला उत्तर देणार कसं?

हे मित्र म्हणजे रिमोटच्या गाड्यांचं वेड लागलेली, गजा धरून चार माणसं. टीव्ही नुकते घरोघर यायला लागले होते, आणि कर्जतच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा मकसूद आता छपरांवर चढून अँटेना लावत फिरत होता. त्याचा भाऊ मस्कतला होता. त्यानं एकदा सुट्टीवर येताना रिमोटवर चालणारी खेळण्यातली जपानी गाडी आणली. मकसूदनं ती त्याच रात्री खोलली, आणि तिथून हे खूळ सुरू झालं. मोटारी आणि क्रिस्टल मस्कतहून यायचे, बाकी सगळं इथलंच. चाकांना रबरी बुचं, गिअरला शिवणयंत्राची दातेरी चक्रं, आणि अंगाला डालड्याचा पत्रा. रिमोटचा डबा मकसूद स्वतः अॅल्युमिनियम वाकवून बनवायचा, आणि त्याला सगळे नुसतं डबाच म्हणायचे.

भात कापून झालं की दहिवलीतलं सखाचं खाचर रिकामं व्हायचं. म्हाताऱ्या सखाला स्वतःची गाडी नव्हती. त्याला बघायची हौस. त्यानं धसकटं काढून, पाणी मारून, धुमसानं चोपून खाचराचं खळ्यासारखं गुळगुळीत मैदान करून दिलं होतं. रविवारी दुपारी सगळे तिथं जमायचे. एक डोळा गाडीवर, आणि तोंडानं घरच्या कटकटी चालू. कुणाची भिंत ओल धरते, कुणाच्या पंख्याला हातानं ढकलल्याशिवाय फिरायचं नसतं, कुणाच्या टाकीचा बॉलकॉक अडकून सकाळपर्यंत अंगणात पाणी. या कटकटींवर इलाज सांगायचा मोरू म्हसे. मोरू घरदुरुस्तीची छोटी कंत्राटं घ्यायचा, पण मित्रांकडून त्यानं कधी काही घेतलं नाही. थापी आणि ओळंबा पिशवीत घालून तो रविवारी सकाळी कुणाच्याही दारात उभा राहायचा. सगळ्यांच्या घरातलं काही ना काही त्यानं सारखं केलेलं होतं. त्यामुळे मोरूबद्दल वाकडा शब्द ऐकून घ्यायला कुणाचे कान तयार नव्हते.

खाचरावर एकच कायदा होता आणि तो मकसूदनं घातला होता. प्रत्येक डब्याच्या आत, तो कुठल्या लहरीवर चालणार ते ठरवणारा एक क्रिस्टल असायचा आणि त्याच्यावर रंगाचा ठिपका असायचा. एका रंगाचे दोन डबे एकदम चालू झाले तर गाडीला दोन धनी होतात आणि ती वेड्यासारखी पळते. म्हणून डब्यातला ठिपका ज्या रंगाचा, त्याच रंगाची रिबीन अँटेनाला बांधायची. गजाची लाल, मोरूची पिवळी, मकसूदची निळी. त्यातूनही डबा चालू करण्याआधी तो उंच धरून रंग पुकारायचा, आणि हजर असलेला प्रत्येक जण ‘कर’ म्हणेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. सखाच्या हातात डबा नसला तरी त्यालाही ‘कर’ म्हणावं लागायचं, आणि तो ते फार ऐटीत म्हणायचा. हा कायदा मोडणाऱ्याला खाचरावर पाय ठेवता येणार नाही, असं मकसूदनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं.

गजानं पहिली गाडी बनवायला वर्षभर घेतलं होतं. कारखान्यातून परत आल्यावर, जेवणं झाल्यावर, बायको पारू भांडी घासून होईपर्यंत तो ओट्यावर कानशीच घासत बसायचा. गाडी झाली ती इतकी देखणी की मकसूदनं ती दुकानाच्या काचेत आठवडाभर ठेवून घेतली. आणि एका रविवारी ती गाडी नीट चालता चालता एकाएकी फिरली, बांधाच्या फटीतून रस्त्यावर गेली आणि विटांच्या ट्रकखाली आली. त्या वेळी पुकारा फक्त लालचा झालेला होता. मोरू पलीकडच्या बांधाला आपली गाडी हातात घेऊन काहीतरी खुडबुडत होता. सगळ्यांच्या आधी धावत आला तोही मोरूच. त्यानं चेंदामेंदा झालेल्या पत्र्यातून एक लोंबणारी तार वर काढली आणि म्हणाला, ‘‘ह्ये बघा. टाका थंड बसलाय.’’

सोल्डरचा टाका थंड बसणं म्हणजे कथील पुरतं न वितळता तार कच्ची चिकटणं, शिकाऊ पोराची चूक. ट्रक वरून गेल्यावर तार लोंबणार नाही तर काय होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. गजाच्याही आलं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. मग सखानं तो शब्द काढला, आणि पुढं तो गावभर झाला.

त्यानंतरच्या मे महिन्यात मोरू न बोलावता गजाच्या घरी आला, छपरावर चढला आणि सगळी कौलं परतून दिली. पारूनं त्याला आंबरस वाढला. गाडी गेल्याचं आपल्यापेक्षा मोरूलाच जास्त लागलंय, असं गजा त्या रात्री पारूला म्हणाला होता. आता ते वाक्य आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

कारण नंतर झालं ते असं. दुसऱ्यांची छपरं सारखी करणाऱ्या मोरूच्या स्वतःच्या पोटमाळ्यावर टाकी फुटली आणि पाणी नेमकं त्याच्या डब्यावर पडलं. त्यानं डबा मकसूदकडे टाकला. मकसूदच्या दुकानात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, एवढे टीव्ही आलेले. त्यानं तो डबा तसाच गजाच्या हातात दिला आणि तूच बघ म्हणाला. गजानं घरी आणून तो खोलला. बिघाड किरकोळ होता, बॅटरीची तार गंजली होती. पण तार बदलताना त्याची नजर क्रिस्टलवर गेली. अँटेनाला पिवळी रिबीन होती, आणि क्रिस्टलवर लाल ठिपका होता.

गजानं डबा उजेडाला धरला. क्रिस्टलच्या पायांभोवतीची धूळ जुनी होती, सोल्डर काळपट पडलं होतं. हा क्रिस्टल काल-परवा बसवलेला नव्हता. कधीतरी मोरूचा पिवळा क्रिस्टल गेला असणार, मस्कतहून यायची वाट न बघता त्यानं मुंबईत मिळाला तो लाल बसवला असणार, आणि रिबीन बदलली तर गजाची पाळी संपेपर्यंत थांबावं लागेल म्हणून त्यानं ती बदलली नसणार. त्या रविवारी पलीकडच्या बांधाला त्यानं डबा चालू करून बघितला असणार. न पुकारता. आणि पुन्हा सगळ्यांच्या आधी धावत येऊन त्यानंच टाका दाखवला. ज्याला कळलं होतं तोच दाखवायला धावला. आणि कामाच्या गर्दीत मकसूद ठिपक्याकडे बघणार नाही, या भरवशावर त्यानं आता डबाही दुरुस्तीला टाकला असणार.

पारू विहिरीवरून आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं हंडा खाली ठेवायच्या आधीच निकाल दिला. म्हणाली, ‘‘आत्ताच्या आत्ता मकसूदभाईंना बोलवा नि ह्यो डबा हाय तसा दाखवा. झाकन बी लावू नका.’’

शहाणी बाई. पण गजाला तेवढ्यानं पोट भरणार नव्हतं. दुकानाच्या कोपऱ्यात मोरूनं चुकलो म्हणावं, मकसूदनं दोघांच्या पाठीवर हात ठेवावा आणि चहा मागवावा? दोन वर्षं त्याला लोकांनी हसून घेतलं होतं ते भर खाचरात. मग मोरूचंही हसं खाचरातच व्हायला हवं होतं. त्यानं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि डबा मोरूला नेऊन दिला. दुरुस्त झाला एवढंच म्हणाला. मोरूनं त्याच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघितलं. गजा हसला आणि त्याच्या टाकीची चौकशी करून परत आला.

पुढचे दिवस गजाचे फार सुखात गेले. सूड मनात शिजत असला की माणसाला भूकही बरी लागते. कारखान्यात यंत्राशी उभा असताना तो मनातल्या मनात तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा. त्याची नवी गाडी तयार होती, तरी शिमग्यापर्यंत होणार नाही असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं. दिवस मोरूनंच आणून दिला. मुंबईचे एक दातांचे डॉक्टर पेज नदीच्या काठाला बंगला बांधणार होते. ते काम मिळालं तर मोरू घरदुरुस्तीतून वर येणार होता. डॉक्टरांना गाड्यांची आवड आहे असं कळल्यावर मोरूनं त्यांना रविवारी खाचरावर यायचं आमंत्रण दिलं. गजानं ते ऐकलं आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

कायद्याच्या बाहेर एक पाऊलही टाकायचं नाही, यातच सगळी मजा होती. गजा लाल पुकारणार. मोरूनं ‘कर’ म्हटलं तर त्याची गाडी डॉक्टरांसमोर वेडी होणार. ‘नको’ म्हटलं तर का नको ते सांगावं लागणार, आणि तेच तर गजाला ऐकायचं होतं. आपल्याच पिवळ्या रिबिनीनं मोरूचा गळा आवळला जाणार, हे आठवून गजा अंथरुणात एकटाच हसला. पारूनं विचारलं तेव्हा काही नाही म्हणाला.

रविवारी डॉक्टर आले. पांढरे बूट, बरोबर बायको आणि तिच्या हातात छत्री. सखानं त्यांच्यासाठी घरातून बाज आणून टाकली होती. मोरूनं पिवळा पुकारला, सगळ्यांनी ‘कर’ म्हटलं आणि त्याची गाडी निघाली. गाडी चांगलीच होती, खोटं कशाला बोला. वळण घेताना मागचं चाक किंचित घसरायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. डॉक्टर उठून उभे राहिले. मोरू गाडी फिरवता फिरवता बंगल्याच्या पायाबद्दल, नदीकाठच्या ओलीबद्दल, कौलं घालावी की स्लॅब यावर बोलत होता, आणि डॉक्टर मान डोलावत होते.

गजानं पिशवीतून आपली नवी गाडी काढली आणि तिचं स्वतःचं बटण बंदच ठेवून ती खाली ठेवली. मकसूदनं कौतुकानं तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग गजानं डबा डोक्याच्या वर धरला आणि चांगला खणखणीत पुकारा केला, ‘‘लाल चालू करतो.’’

सखा ऐटीत ‘कर’ म्हणाला. मकसूद ‘कर’ म्हणाला. मोरूचे अंगठे थांबले आणि त्याची गाडी खाचराच्या मध्यावर उभी राहिली. त्यानं मान वळवून गजाकडे बघितलं. गजानंही नजर हलवली नाही. त्या क्षणी मोरूला सगळं कळलं, आणि ते कळल्याचं गजाला दिसलं. दोन वर्षांत इतकं गोड काही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. आता बोल, तो मनात म्हणत होता, बोल की. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं. मोरूचा चेहरा आधी उतरला, मग हळूहळू दगडासारखा झाला.

‘‘कर की,’’ मोरू म्हणाला.

गजानं बटण दाबलं. मोरूची गाडी थरथरली, जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली आणि मग सुटली. डॉक्टरांच्या पांढऱ्या बुटांवरून गेली, त्यांची बायको छत्रीसकट बाजेवर चढली, आणि गाडी सगळ्या वेगानं दगडी बांधावर जाऊन आदळली. चाकं चार दिशांना गेली. मग सखाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, गजाचा टाका, आणि मकसूदही हसला.

गजा याच हसण्याची वाट बघत होता. तो चार पावलं पुढं झाला आणि मोरूचा डबा खोला म्हणाला. आवाज असा होता की मकसूदनं का म्हणून विचारलं नाही. त्यानं खिशातला पेचकस काढला, स्क्रू फिरवले, झाकण उचललं आणि थबकला. सखानं वाकून बघितलं. पिवळ्या रिबिनीच्या डब्यात लाल ठिपका सगळ्यांना दिसला.

मग गजा बोलला. दोन वर्षांचं सगळं बोलला. न पुकारता चालू केलेला डबा, विटांचा ट्रक, पुढं धावत येऊन दाखवलेली तार, कौलं परतून दिली तो उपकार नव्हे तर तोंड झाकायची कौलं. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला, ओठाच्या कोपऱ्यात फेस आला. थांबला तेव्हा त्याला वाटलं, झालं. आता मोरूची मान खाली जाईल.

मोरूनं खाली बसून एक चाक उचललं, त्याची माती पुसली आणि मकसूदकडे बघून शांतपणे विचारलं, ‘‘मकसूदभाई, ह्यो डबा शेवटचा खोलला कोनी?’’

मकसूद गजाकडे बघायला लागला. आपण तो गजाला दिला होता, असं तो म्हणाला. त्याच्या आधी आपण खोलला नव्हता, हेही म्हणाला. तो खरं तेच बोलत होता. मोरू दुसरं चाक उचलून पुसायला लागला. गजानंच तो लाल आत बसवला असेल, ही शंका पेरायला एवढं पुरे होतं.

‘‘गजा,’’ मकसूदनं विचारलं, ‘‘तू खोललास तवा व्हता ना लाल? मग तवाच का नाय बोललास रं?’’

साधा प्रश्न होता. गजानं तोंड उघडलं. धूळ जुनी होती, सोल्डर काळपट होतं, हे सांगायला गेला, पण ते जुनं सोल्डर बघायला मकसूदनं डबा उन्हात तिरपा धरला तेव्हा पाण्यानं गंजलेलं ते सगळं एकसारखंच काळं दिसत होतं. पारूला विचारा म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की बायकोची साक्ष कुणी धरणार नाही. खरं उत्तर एकच होतं. मला तुमच्या देखत ह्याची गाडी फोडायची होती. ते त्याच्या तोंडातून निघेना, आणि निघेना म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं.

सखा इतका वेळ डोकं खाजवत होता. म्हातारा मनानं सरळ. तो हळूच म्हणाला, ‘‘म्हंजे आत लाल हाय ह्ये तुला ठावं व्हतं. नि तरी तू लाल लावलास.’’

कुणी गजावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मकसूदनं झाकण परत लावलं, स्क्रू फिरवले आणि डबा मोरूच्या हातात न देता बाजेवर ठेवला. आजच्यापुरतं बस झालं म्हणाला. डॉक्टरांना यातलं काही समजलं नव्हतं. त्यांनी मोरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी मोडूनही माणूस डोकं शांत ठेवतो, आपल्याला असाच माणूस हवा आहे, असं काहीतरी म्हणाले. बंगल्याची जागा बघायला त्यांनी त्याला बुधवारी बोलावलं. मकसूद त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला, आणि सखा बाजेवरचा डबा खाली ठेवून आपली बाज उचलून घराकडे वळला.

खाचरात दोघंच उरले. मोरू टॉवेल पसरून त्याच्यावर तुकडे गोळा करत होता. वर न बघता तो बोलायला लागला. ‘‘डबा घिऊन आलास नि नुसता हसलास. मला कळलं, ह्यानं बघितलंय. मी रोज सांजचा ओट्यावर बसायचो. वाटायचं, आज येतोय गजा, आज चार शिव्या देतोय. आला असतास तर मी ह्याच खाचरात सगळ्यांम्होरं सांगितलं असतं. दोन वरसं छातीवर दगड व्हता माझ्या.’’

हे खरं की आत्ता सुचलेलं, ते गजाला ओळखता आलं नाही. त्यानं चेहऱ्याकडे बघितलं तर मोरूचे डोळे ओले होते, पण हात मात्र नेटानं गाठ बांधत होते.

‘‘मग आता सांग,’’ गजा म्हणाला. आपला आवाज विनवणीचा झालाय हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं.

‘‘आता कशाला? तुजी गाडी म्या मोडली, माजी तू मोडलीस. फिटलं आपलं.’’

‘‘नि माजं नाव?’’

मोरूनं गाठोडं काखेत मारलं आणि पायांत चपला सरकवल्या. तुझं तू बघ, एवढं म्हणून तो बांधावरून चालू लागला. गजा त्याच्या पाठीकडे बघत राहिला. धावत जाऊन त्याला खाली पाडावं असं त्याच्या मनात आलं, पण पाय उचलला नाही. आजपर्यंत त्याच्याजवळ निदान रागावायचा हक्क तरी होता. तो हक्क त्यानं आज भर दुपारी, स्वतःच्या हातानं खर्चून टाकला होता, आणि मोरूचं मन आता मोकळं झालं होतं. छातीवरचा दगड उतरलेला माणूस कसा चालतो ते गजानं त्या दिवशी बघितलं. मोरू रस्त्याला लागला आणि डॉक्टरांच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला.